वाट कोणाची?

प्रस्तावना

'वाट' हा मराठीतील जुना आणि फार कामाचा शब्द आहे. आपण कोणाची तरी वाट पाहतो, कोणाला वाट दाखवतो, कधी वाट चुकतो, कधी वाकडी वाट करून एखाद्याच्या घरी डोकावतो. काम बिघडले की त्याची वाट लागते. 'वाट देणे' हा त्यांतलाच एक वाक्प्रचार. शहरातील रस्त्यावर तो दिवसातून कितीतरी वेळा कृतीत आणावा लागतो आणि नेमका तोच बहुतेकांना जड जातो. चार रस्ते एकत्र येतात तेथे आधी कोणी जावे आणि रस्त्याच्या कोणत्या भागातून जावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. उदाहरण म्हणून चंडीगढ शहर घेतले आहे. तेथील चौक नकाशावर आखून, मोजूनमापून बांधलेले आहेत. तरीही नवखा माणूस तेथे गोंधळतो. या गोंधळाचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

मूलपाठ

देशाच्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या राजधानीसाठी शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याची जमीन निवडण्यात आली. अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी पहिला आराखडा तयार केला. १९५० मध्ये नोविकी यांचा विमान अपघातात मृत्यू झाला आणि १९५१ मध्ये ल कॉर्ब्युझिए या ख्यातनाम वास्तुरचनाकाराकडे हे काम आले. त्यांनी शहराची विभागणी आयताकृती 'सेक्टरां'मध्ये केली. एक सेक्टर साधारणपणे १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद. शाळा, दवाखाना, बाजार, बगिचा हे सारे सेक्टरच्या आतच असावे आणि लहान मुलाला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, हा त्यामागील विचार होता.

रस्त्यांचीही त्यांनी सात वर्गांत विभागणी केली. पहिला वर्ग दोन गावांना जोडणाऱ्या रस्त्यांचा, दुसरा शहरातील प्रमुख राजमार्गांचा, तिसरा सेक्टरांच्या कडेने जाणाऱ्या वेगवान रस्त्यांचा. चौथा बाजाराचा रस्ता. पाचवा आणि सहावा घरांपर्यंत नेणारे. सातवा हिरवळीतून जाणारा पायवाटेचा. सायकलींसाठी आठवा वर्ग पुढे जोडण्यात आला. तिसऱ्या वर्गाच्या रस्त्यावर एकाही घराचे दार उघडू नये, असा दंडक होता. त्यामुळे आजही चंडीगढच्या मोठ्या रस्त्यावरून जाताना दोन्ही बाजूंना झाडे आणि घरांच्या पाठभिंती दिसतात. रस्ता सरळ, रुंद आणि मोकळा असल्याने वाहनाला सहज वेग येतो. जेमतेम किलोमीटरभर गेले की सेक्टर संपतो आणि समोर चौक उभा राहतो. रस्त्याने दिलेला सगळा वेग चौक एका क्षणात परत मागतो. अडचणीची सुरुवात येथूनच होते.

यांतील अनेक मोठे चौक वर्तुळाकार आहेत. मध्यभागी झाडाफुलांचे गोल बेट आणि भोवती फिरणारा रस्ता, अशी त्यांची रचना असते. मुंबईकरांना किंग्ज सर्कल किंवा दादरचे खोदादाद सर्कल ठाऊक आहे, प्रकार तोच. असे वर्तुळ शोभेसाठी बांधतात, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यामागे सरळ हिशेब आहे. दोन दुपदरी रस्ते एकमेकांना साधेपणाने छेदतात, तेव्हा वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भिडतात. त्यांपैकी १६ ठिकाणी एक वाहन दुसऱ्याला आडवे जाते आणि सर्वांत भीषण धडक तेथेच होते. त्याच जागी एकेरी मार्गिकेचे वर्तुळ बांधले, तर असे बिंदू अवघे ८ उरतात आणि आडवे जाणे तर संपतेच. वाहने फक्त एकमेकांत मिसळतात किंवा एकमेकांपासून वेगळी होतात. वळण घ्यावे लागत असल्याने वेगही आपोआप उतरतो. चूक झालीच, तर ती बहुधा पत्र्यावर निभावते.

मात्र हे सारे एका अटीवर अवलंबून असते. आत कोणी आधी शिरावे, हे ठरलेले असले पाहिजे.

ही अट जगाला उशिरा उमगली. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलमध्ये १९०५ साली आणि पॅरिसच्या विजयकमानीभोवतीच्या चौकात १९०७ साली वाहने एकाच दिशेने फिरवण्याची पद्धत सुरू झाली. पण फिरायचे कसे हे ठरले, तरी थांबायचे कोणी हे ठरले नव्हते. फ्रान्समध्ये 'उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या' असा सर्वसाधारण नियम होता. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणून वर्तुळात फिरणाऱ्याच्या उजव्या हाताला नेमका बाहेरून आत येणारा चालक असतो. नियमानुसार आतल्याने थांबायचे आणि बाहेरच्याने शिरायचे. परिणाम असा की गर्दीच्या वेळी वर्तुळ भरत जाते, आतली वाहने बाहेर पडण्याच्या तोंडापर्यंत पोहोचूच शकत नाहीत आणि सगळे जागच्या जागी अडकतात. पुढे फ्रान्समधील बहुतेक वर्तुळांत हा नियम बदलला. पॅरिसच्या त्या चौकात मात्र जुनाच रिवाज अजून चालू आहे.

एस. टी. स्थानकावर किंवा मुंबईच्या लोकलच्या दारात हा प्रसंग प्रत्येकाने पाहिलेला असतो. खाली उभी असलेली मंडळी जागा पकडण्यासाठी दारात घुसतात, आतली उतरू शकत नाहीत आणि उतरणारे उतरले नाहीत म्हणून चढणाऱ्यांनाही जागा होत नाही. अशा वेळी वाहक खेकसतो, 'आधी उतरू द्या!' वर्तुळाकार चौकाचा नियमही हाच आहे. आतला बाहेर पडला, तरच बाहेरच्याला आत जागा मिळते.

ब्रिटनमध्ये या गोष्टीला नियमाचे रूप मिळाले ते नोव्हेंबर १९६६ मध्ये. तेथील रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील अभियंता फ्रँक ब्लॅकमोर यांचा त्यात मोठा वाटा होता. वर्तुळात शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्या, म्हणजे आत फिरत असलेल्या वाहनाला वाट द्यावी, एवढाच तो नियम. योगायोग असा की त्याच महिन्याच्या १ तारखेला चंडीगढ केंद्रशासित प्रदेश झाले आणि पंजाब व हरियाणा या दोन राज्यांची राजधानी म्हणून त्याचा नवा जन्म झाला.

भारतातही वाहने डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे वर्तुळात ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि चौकाच्या तोंडाशी आलेल्या चालकाला आतली वाहने नेहमी उजवीकडूनच येताना दिसतात. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत असे सांगितले होते की, मुख्य रस्त्यावर प्रवेश करताना त्या रस्त्यावरील वाहनांना वाट द्यावी आणि इतर ठिकाणी उजवीकडून येणाऱ्यांना. हे दोनच निकष मनात पक्के असले, तरी निम्म्याहून अधिक चौक सुटतात. २०१७ मध्ये या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. त्यांत वर्तुळाकार चौकाचा स्पष्ट उल्लेख असून आत असलेल्या वाहनाला अग्रक्रम दिला आहे. चौकाच्या तोंडाशी तांबड्या किनारीचा उलटा त्रिकोण दिसला, तर त्याचा अर्थ हाच: वाट द्या. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेला बसणाऱ्याने हे चिन्ह तर ओळखावेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते दिसल्यावर पाय ब्रेककडे जावा.

येथे शब्दाचा एक घोटाळा आहे. या विषयात 'वाटेचा हक्क' असा शब्दप्रयोग अनेकदा केला जातो. हक्क म्हटले की माणूस तो गाजवू पाहतो. कायद्याची भाषा मात्र बहुतेक ठिकाणी कर्तव्याची आहे. कोणी थांबावे, हे तो सांगतो. समोरचा थांबला नाही, म्हणून आपला हक्क बजावण्यासाठी त्याच्यावर गाडी घालण्याची मुभा कोणत्याही नियमाने दिलेली नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी यांच्यापुढे तर सर्वांचाच अग्रक्रम संपतो. त्यांना वाट न देणाऱ्यास १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे.

पाठगत प्रश्न
१. वर्तुळाकार चौकात वाहने आडवी जात नाहीत, याचे कारण कोणते?
२. उजवीकडून येणाऱ्याला वाट देण्याचा एकच नियम फ्रान्समध्ये कोंडी करतो आणि भारतात कोंडी सोडवतो. हे कसे घडते, ते आकृती काढून सांगा.

मार्गिकेची निवड

आधी कोण, हे कळले तरी कोठून, हा प्रश्न उरतोच. रुंद रस्त्यावर पांढऱ्या रेषांनी आखलेल्या पट्ट्यांना मार्गिका किंवा लेन म्हणतात. चौकात शिरल्यावर मार्गिका निवडणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. ती निवड चौकाच्या पुष्कळ अलीकडे, दिशाफलक दिसताच करायची असते.

चंडीगढमधील मटका चौकाचे उदाहरण घेऊ. मध्य मार्ग आणि जन मार्ग हे दोन प्रमुख रस्ते येथे एकमेकांना मिळतात. सेक्टर ९, १०, १६ आणि १७ यांचे कोपरे या चौकाला लागतात. पीजीआय रुग्णालयाच्या दिशेकडून मध्य मार्गाने तीन दुचाकीस्वार येत आहेत, अशी कल्पना करावी. पहिल्याला उच्च न्यायालयाकडे जायचे आहे. न्यायालय सेक्टर १ मध्ये, म्हणजे त्याच्या डाव्या हाताला. त्याने अगोदरच डावी मार्गिका धरावी, डावीकडचा दिवा लावावा आणि वर्तुळाच्या कडेकडेने जाऊन पहिल्याच तोंडातून बाहेर पडावे. दुसऱ्याला सेक्टर २६ च्या भाजीमंडईत माल पोहोचवायचा आहे. त्याची वाट सरळ आहे. रस्त्यावर बाण रंगवलेले असतील, तर त्याने ते पाळावे. नसतील, तर डावी मार्गिकाच धरावी आणि मार्गिका तीन असल्यास मधली. पहिले तोंड ओलांडले की त्याने डावीकडचा दिवा लावावा.

खरा पेच तिसऱ्याचा आहे. त्याला उजवीकडे वळून जन मार्गाने सेक्टर १७ आणि २२ च्या बाजूला जायचे आहे. त्याने चौकाच्या आधीच उजवी मार्गिका धरावी, उजवीकडचा दिवा लावावा आणि मधल्या बेटाला लागून फिरत राहावे. सरळ जाणाऱ्यांचे तोंड मागे पडले की उजवा दिवा बंद करून डावा लावावा, आरशात आणि मान वळवून डावीकडे पाहावे, बाहेरची मार्गिका मोकळी असल्यास तीत यावे आणि मग बाहेर पडावे. वर्तुळात कितीही फिरले, तरी बाहेर पडणे नेहमी डावीकडेच असते. ही गोष्ट लक्षात न राहिल्याने बहुतेकांचा दिव्यांचा घोटाळा होतो. उजवीकडचा दिवा चालूच ठेवून माणूस डावीकडे बाहेर पडतो आणि मागचा बुचकळ्यात पडतो.

भांडण होते ते नेमके याच जागी. आतल्या मार्गिकेतून बाहेर येणारा आणि बाहेरच्या मार्गिकेतून पुढेच फिरत राहिलेला, असे दोघे एकमेकांना भिडतात आणि दोघांनाही आपले बरोबर वाटते. त्यांतील एक म्हणतो, 'मी माझ्या लेनमध्ये होतो.' दुसरा म्हणतो, 'मी दिवा लावला होता.' विचार केला, तर दोघांच्याही पदरात काही दोष पडतो. उजवीकडे जायचे असूनही बाहेरच्या मार्गिकेत राहणाऱ्याने निवडच चुकीची केलेली असते. आणि जो मार्गिका बदलतो, त्याने शेजारची मार्गिका मोकळी असल्याची खात्री केली पाहिजे. दिवा लावणे म्हणजे परवानगी मागणे, ती मिळाली असे समजणे नव्हे. बाहेर पडायला जागा मिळाली नाही, तर घाई न करता आणखी एक फेरी मारावी. साध्या चौकात वाट चुकली, तर मैलभर वळसा पडतो. वर्तुळात ती अर्ध्या मिनिटात पुन्हा समोर येते. या सोयीचा उपयोग करणारे फार थोडे, आणि आयत्या वेळी तीन मार्गिका आडव्या कापणारे पुष्कळ, असे दृश्य कोणत्याही मोठ्या चौकात दिसते.

बस किंवा मालमोटार शेजारी असेल, तर आणखी एक गोष्ट जपावी लागते. लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत; ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. बस वर्तुळातून डावीकडे बाहेर पडत असताना तिच्या डाव्या कुशीत शिरलेला दुचाकीस्वार चाक आणि पदपथ यांच्या मध्ये सापडतो. चालकाच्या आरशात तो दिसतोच असे नाही. तेथे अग्रक्रम कोणाचा, हा प्रश्न गैरलागू आहे; त्या जागेत जाऊच नये.

शहर वाढले, तसे वर्तुळही अपुरे पडू लागले. चंडीगढची आखणी सुमारे ५ लाख लोकांसाठी होती. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ५५ हजारांवर गेली होती आणि दरडोई वाहनसंख्येत तर हे शहर देशात आघाडीवर राहिले आहे. आतील वाहनाला अग्रक्रम देण्याचा नियम वाहने थोडी असताना उत्तम चालतो. एका बाजूने अखंड रांग लागली, की दुसऱ्या बाजूच्या चालकाला शिरायला फटच मिळत नाही. म्हणून गर्दीच्या अनेक ठिकाणी दिवे बसवावे लागले. दिव्यांच्या चौकाला तेथील लोक 'लाइट पॉइंट' म्हणतात आणि पत्ता सांगतानाही हाच शब्द वापरतात. दिवा चालू असेल, तेव्हा दिव्याचे ऐकावे; पोलीस शिपाई हात दाखवीत असेल, तर दिव्याआधी त्याचे. रात्री पिवळा दिवा उघडझाप करू लागला, की वेग कमी करून सावधपणे पुढे जायचे असते. त्या वेळी वाट देण्याचे मूळ नियम पुन्हा लागू होतात. नेमक्या त्याच वेळी रस्ता मोकळा दिसतो आणि वेग वाढतो.

सेक्टरच्या आतील लहान चौकांत दिवा नसतो आणि बहुधा वर्तुळही नसते. तेथे मुख्य रस्त्याला, अन्यथा उजवीकडच्याला, वाट द्यायची. पण चार रस्त्यांनी चार वाहने एकाच क्षणी आली तर? प्रत्येकाच्या उजवीकडे कोणी ना कोणी आहेच. नियम काटेकोरपणे पाळला, तर चौघेही संध्याकाळपर्यंत उभे राहतील. अशा वेळी कोणीतरी हाताने खूण करून 'आपण आधी' असे सुचवावे लागते आणि मग गाठ सुटते.

वाहनांच्या या सर्व हिशेबात दोन माणसे राहून जातात: पायी चालणारा आणि सायकलवाला. चंडीगढच्या मोठ्या रस्त्यांच्या कडेने सायकलींचे स्वतंत्र मार्ग आहेत. परंतु चौक आला, की सायकलस्वाराला मोटारींच्या प्रवाहात उतरावेच लागते. वर्तुळाच्या कडेने सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला डावीकडे वळणाऱ्या मोटारी आडव्या येतात. शिवाय चालक वर्तुळात शिरताना उजवीकडे पाहत असतो आणि त्याच्या डाव्या हाताला, पदपथावरून रस्त्यावर पाऊल टाकणारा पादचारी त्याला दिसतच नाही. दिवा नसलेल्या पट्ट्यांवर, म्हणजे झेब्रा क्रॉसिंगवर, पादचाऱ्याला वाट देणे चालकावर बंधनकारक आहे. तरी मजूर, शाळकरी मुले, रुग्णालयातून परतणारे वृद्ध तेथे ताटकळत उभे असतात. पहिल्या मार्गिकेतील मोटार थांबते, तो माणूस हिंमत करून निघतो आणि थांबलेल्या मोटारीला ओलांडून दुसऱ्या मार्गिकेतून एखादी दुचाकी भरधाव येते. म्हणून पट्ट्यांपाशी शेजारचे वाहन थांबलेले दिसले, तर ते का थांबले हे कळेपर्यंत आपणही थांबावयाचे असते.

शब्दार्थ
अग्रक्रम : आधी जाण्याचा मान
मार्गिका : रस्त्यावर रेषांनी आखलेली वाहनांची पट्टी, लेन
दंडक : ठरवून दिलेला नियम
पेच : अडचण, कोडे
गैरलागू : जेथे लागू होत नाही असे

स्वाध्याय
१. 'चूक झालीच, तर ती बहुधा पत्र्यावर निभावते', या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
२. एस. टी. स्थानकावरील प्रसंग आणि वर्तुळाकार चौक यांतील साम्य स्पष्ट करा.
३. आतल्या मार्गिकेतून बाहेर पडणारा चालक आणि बाहेरच्या मार्गिकेतील चालक यांचे भांडण झाले आहे. तुम्ही पंच असाल, तर कोणाला काय सांगाल? संवादरूपाने लिहा.
४. वाट पाहणे, वाट चुकणे, वाट देणे, वाकडी वाट करणे, वाट लागणे: या वाक्प्रचारांचा स्वतंत्र वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एका चौकात पदपथावर सुरक्षित जागी पंधरा मिनिटे उभे राहा. कोण थांबते, कोण थांबत नाही, पायी चालणारे कोठून रस्ता ओलांडतात, याची नोंद करा आणि चौकाचा नकाशा काढून त्यावर या जागा दाखवा.